साडेअकराची पनवेल लोकल, लेडीज डबा

वर्ल्ड कप होऊन इतके दिवस झाले, तू त्यावर काहीच कसं लिहिलं नाहीस, असं तिघी-चौघींनी विचारलं. एकीने तर थेट टोमणा मारला, "खड्ड्यांवर लिहितेस, टँकरवर लिहितेस, आणि स्वतः स्टेडियममध्ये बसून आलीस त्यावर गप्प?" तर गप्प नव्हते. लिहिता येत नव्हतं. त्या मॅचमध्ये माझी एक घरगुती चूक अडकलेली आहे आणि ती वगळून लिहिलं असतं तर नुसता स्कोअर झाला असता. आज लिहिते. लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात भाऊबीजेपासून करायला हवी. 23 ऑक्टोबर, गुरुवार. दादा-वहिनी आणि भाची आमच्याकडे जेवायला. टीव्हीवर भारत-न्यूझीलंड, आणि सामना कुठे, तर आपल्या नेरुळला, डी. वाय. पाटीलवर. त्याआधीचे दहा-बारा दिवस काय गेले होते ते आठवा. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून हरलो. तिथेच ऑस्ट्रेलियाविरुद्ध 330 करून हरलो. मग नरकचतुर्दशीच्या आदल्या रविवारी इंदूरला इंग्लंडकडून जिंकत आलेली मॅच 4 रनांनी घालवली. मी त्या वेळी चकल्या तळत होते आणि शेवटच्या ओव्हर्समध्ये एक घाणा चक्क करपला. ओळीने तीन हार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, "बायकांना प्रेशर झेपत नाही". मेसेज टाकणारे गृहस्थ गॅस सिलिंडर उशिरा आला तरी अर्धा दिवस ओरडत असतात, पण असो.

तर भाऊबीजेच्या दिवशी न्यूझीलंडविरुद्ध स्मृती आणि प्रतीका रावल दोघींची शतकं झाली, जेमिमा रॉड्रिग्ज 76 नॉटआउट. पाऊस येऊन गेला, तरी जिंकलो आणि सेमीफायनलला पोचलो. ही जेमिमा म्हणजे जिला इंग्लंडच्या मॅचला बाहेर बसवलं होतं ती. स्पर्धेत दोनदा शून्यावर गेली होती, म्हणून एक बोलर जास्त खेळवायला हिला काढलं. मी भाचीला म्हटलं, "बघ गं, परवा बाहेर होती, आज कशी खेळली." भाची ताटातली बासुंदी ढवळत म्हणाली, "मी टीम सोडली आत्या."

भाची कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. पनवेलमधलंच कॉलेज, नाव लिहीत नाही. टीममधल्या पोरींना अजून तिथेच शिकायचंय. तिला एका मॅचला पूर्ण वेळ बाकावर बसवलं, पुढच्या मॅचला न्यायच्या यादीत नावच नव्हतं. त्यात प्रॅक्टिसची वेळ बदलली. कोर्ट एकच, साडेपाच ते सात मुलांना दिलेलं, मुलींना सातनंतर. आणि त्या कोर्टाला चार खांब असले तरी दिवा एकाच खांबावरचा पेटतो. दादाचं म्हणणं, साडेआठला घरी येणं जमणार नाही. वहिनीचं म्हणणं, अकाउंट्सचा पेपर राहिलाय. आणि माझं म्हणणं? मी म्हटलं, "बरं केलंस. दोन वर्षं खेळलीस ना, पुष्कळ झालं. आता अभ्यास कर."

हे वाक्य मी बोलले. ज्या बाईला 1994 साली कॉलेजच्या खो-खो टीममधून अलिबागला दोन दिवस जायचं होतं आणि वडील नको म्हणाले म्हणून जी गेली नाही, आणि नंतर पुन्हा मैदानावर फिरकलीच नाही, ती मी. वडिलांनी तेव्हा काय म्हटलं होतं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "दोन वर्षं खेळलीस ना, पुष्कळ झालं." तीस वर्षांनी तेच वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं निघालं. त्या क्षणी मात्र काही जाणवलं नाही. मी उठून पापड भाजायला गेले.

दादाने ओवाळणीचं विचारलं तेव्हा म्हटलं, साडी नको, सेमीफायनलची दोन तिकिटं काढ. त्याला ते स्वस्तात पडलं. साखळी सामन्यांची तिकिटं तर शंभर रुपयांपासून होती. एका मोठ्या मॉलमध्ये तेवढ्यात पॉपकॉर्न येत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे सामने मुळात आपल्याकडे होणारच नव्हते. ते बेंगळुरूला होते. 4 जूनला तिथे चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएलच्या विजयाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, 11 जणांचा जीव गेला, आणि मग ऑगस्टमध्ये सामने नवी मुंबईला हलवले. म्हणजे पनवेलच्या पोरींना सहा स्टेशनांवर वर्ल्ड कप बघायला मिळाला तो कुणाच्या तरी मरणामुळे. नेरुळ स्टेशनवर उतरताना हे माझ्या डोक्यात होतं. जिन्यावर रेटारेटी झाली की आपोआप भाचीचा दंड धरला जायचा.

30 ऑक्टोबरच्या मॅचचा सगळा स्कोअर सांगत बसत नाही, तुम्हाला पाठ आहे. पण काही गोष्टी स्टँडमधून वेगळ्या दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या लिचफिल्डने 93 बॉलमध्ये 119 केले तेव्हा आमच्या बाजूला अशी शांतता होती की मागच्या रांगेत कुणी भेळेचा कागद चुरगळला तोही ऐकू आला. 338 झाले. बायकांच्या वन-डेत इतका पाठलाग कुणी कधी केला नव्हता. समोर कोण, तर वर्ल्ड कपमध्ये ओळीने 15 मॅच जिंकलेली टीम. त्याआधी ती शेवटची हरली होती 2017 च्या सेमीफायनलला, डर्बीला, आपल्याकडूनच, हरमनप्रीतच्या नाबाद 171 मुळे. पण हे सगळं नंतर वाचलं. त्या वेळी आमच्या रांगेतल्या एका काकांनी इनिंग संपल्या संपल्या डबे आवरायला घेतले, "ट्रेनला गर्दी होईल" म्हणून.

शफाली लवकर गेली. मग आपली सांगलीची स्मृती गेली, लेगला जाणाऱ्या बॉलवर, आणि तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. 2 बाद 59. त्यानंतर जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते म्हणजे जेमिमाने पन्नास झाल्यावर बॅट वर केली नाही. शंभर झाल्यावरही नाही. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडतंय आणि ही नुसती पुढच्या बॉलची वाट बघतेय. भाची म्हणाली, "तिला कळलंच नाही की काय?" मी म्हटलं, "कळलंय गं. तिचं काम संपलेलं नाही." हरमनबरोबर 167 रनांची भागीदारी. मग हरमन 89 वर गेली. 88 बॉलमध्ये 113 हवेत. तिथे माझ्या पोटात खड्डा पडला, कारण 2017 ची लॉर्ड्सची फायनल मी पाहिलेली आहे. अशाच जागेवरून कोसळून आपण 9 रनांनी हरलो होतो.

नाही कोसळलो. दीप्ती, रिचा, अमनजोत, प्रत्येकीने आपापला वाटा उचलला. जेमिमा 127 वर नाबाद, 9 बॉल शिल्लक. अमनजोतचा चौकार गेला आणि मला माझ्याच भाचीने इतकं जोरात आवळलं की चष्मा खाली पडला. काच थोडी तडकलीय, अजून बदललेली नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे परतीची ट्रेन.

रात्री साडेअकराच्या सुमाराला हार्बरचा लेडीज डबा कसा असतो हे आपल्याला माहीत आहे. चार-पाच बायका, एक पोलीस, आणि प्रत्येक स्टेशनवर दाराकडे बघणं. बऱ्याच जणी तर त्या वेळी मुद्दाम जनरलमध्ये बसतात. त्या रात्री नेरुळला आम्ही शिरलो आणि डब्यात उभं राहायला जागा नव्हती. सगळा डबा निळा. गालावर झेंडे, आया, कॉलेजच्या पोरी, एक आजीबाई जर्सीच्या आत नऊवारी. आणि एक बाई कोपऱ्यात, ड्यूटीवरून दमून येणारी, हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात. तिने विचारलं, "काय झालंय काय आज?" तर पंधरा जणींनी एकदम सांगायला सुरुवात केली.

सीवूड्सपर्यंत नुसता गोंगाट. मग चर्चा रंगली. एक चष्मेवाली पोरगी ठामपणे म्हणाली, "हीलीने 82 वर कॅच सोडला म्हणून जिंकलो. खरं बोलायला काय जातंय?" दुसरी उसळली, "त्यांनी सोडले म्हणून आपण जिंकलो, आणि आपण सोडतो तेव्हा आपण वाईट खेळलो? हा कुठला हिशेब?" तिसरीचं म्हणणं, खरी मॅच रिचाने जिंकली, 16 बॉलमध्ये 26 केले नसते तर जेमिमाचे 127 फुकट गेले असते. आजीबाई म्हणाल्या, "सगळं श्रेय त्या अमोलला द्या." अमोल म्हणजे कोच अमोल मुझुमदार. आजींना सगळा इतिहास ठाऊक. 1988 साली शाळेच्या मॅचमध्ये सचिन-कांबळीने 664 ची भागीदारी केली तेव्हा हा पुढच्या नंबरवर पॅड बांधून बसून राहिला होता, आणि मुंबईसाठी ढिगाने रन करूनही भारताकडून एकही मॅच खेळायला मिळाली नाही. "वाट बघणं काय असतं ते त्याला विचारा," आजी म्हणाल्या आणि पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून वाटल्या.

बेलापूरला दाराशी उभे असलेले हवालदार मध्ये पडले. आतापर्यंत ते फक्त "ताई, दारातून आत व्हा" एवढंच म्हणत होते. आता म्हणाले, "कॅचबिच सोडा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मागच्या मॅचला आपण 330 करून हरलो ना? तिथेच कळलं असणार यांना की एवढा स्कोअर पळवता येतो. त्यांनीच दाखवला तो करून." डबा दोन सेकंद गप्प. मग ती चष्मेवाली म्हणाली, "काका, पॉइंट आहे." मला अजूनही हे त्या रात्रीचं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं वाटतं. ड्यूटीवर मोबाइल बघितला होता का, असं कुणीतरी विचारल्यावर ते हसले आणि पुन्हा दाराकडे वळले.

खारघर गेलं. भाची इतका वेळ बोलली नव्हती. मानसरोवरला थोडी जागा झाली तेव्हा ती त्या चष्मेवालीला म्हणाली, "बाहेर बसवलं होतं तिला. दहा दिवसांपूर्वी. तुम्ही सगळे कॅचचं बोलताय. बाहेर बसल्यावर ती नेट्सला गेली असेल की नाही दुसऱ्या दिवशी? काय वाटलं असेल जाताना?" चष्मेवालीकडे उत्तर नव्हतं. मॅच संपल्यावर जेमिमाने रडत रडत सांगितलं होतं की या स्पर्धेत जवळपास रोज रडलेय, आतून फार घाबरलेली होते. ते आम्ही मोठ्या स्क्रीनवर ऐकलं होतं. भाचीने ते धरून ठेवलं होतं. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला घरचं कुणी म्हणालं नसेल, बरं केलंस, पुष्कळ झालं."

खांदेश्वर ते पनवेल चार मिनिटं लागत असतील. माझी लांबच लांब चार मिनिटं होती ती.

रिक्षात बसल्यावर मी तिला अलिबागचं सांगितलं. तिला ते माहीतच नव्हतं, दादानेही कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ती गोष्ट कुणाला गोष्टच वाटली नव्हती. मी काही टीम इंडियात जाणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी कोर्टवर जायचं की नाही हे मी ठरवायला हवं होतं, आणि मी ते वडिलांच्या एका वाक्यावर सोडून दिलं. चूक त्यांची होती आणि मग हळूहळू माझीही झाली.

फायनल घरी पाहिली. 2 नोव्हेंबर, पावसामुळे दोन तास उशीर, मध्यरात्रीनंतर हरमनने कॅच घेतला तेव्हा अख्ख्या सोसायटीत फटाके. "प्रेशर झेपत नाही" वाल्या गृहस्थांनीच माळ आणली होती. मी काही बोलले नाही. बक्षिसंही मिळाली, आपल्या सरकारने स्मृती, जेमिमा आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. मला त्यात काही खटकत नाही. 1973 साली पुण्यात बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हा जेमतेम तीन संघ होते. पुरुषांइतकी मॅच फी मिळायला 2022 उजाडावं लागलं. मिळू दे की.

मला खटकतं ते पनवेलचं. कॉलेज उघडल्यावर भाची सरांकडे गेली, सर म्हणाले ये. ते बिचारे चांगले आहेत, कोर्ट आणि दिवे त्यांच्या हातात नाहीत. नोव्हेंबरअखेर दुसऱ्या एका कॉलेजविरुद्ध साधी मैत्रीपूर्ण मॅच होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. प्रेक्षक किती? मी, दोन आया, वॉचमन, आणि पुढची वेळ आपली म्हणून कडेला बसलेली सात-आठ मुलं. रिंगला जाळी नाही, त्यामुळे बॉल आरपार गेला की बाजूने गेला यावरून दोनदा भांडण. हाफटाइमला आमच्या मुली 11-24 ने मागे. मुलं आपसात म्हणत होती, "लवकर आटपेल."

तिसऱ्या क्वार्टरला भाची आत आली. ती काही हीरो झाली नाही. चार पॉइंट केले असतील. पण समोरच्या उंच मुलीला ती अशी चिकटून राहिली की तिला वळायलाच मिळेना, आणि बॉल रिंगवरून उडाला की खाली हिचे हात. तेरा पॉइंटांची तूट एकदम भरत नाही. दोन, पुन्हा दोन, मध्येच त्यांचे दोन, मग आपला एक फ्री थ्रो. शेवटच्या क्वार्टरला अंधार पडायला लागला, एकाच खांबावरचा दिवा, त्यामुळे लांबच्या रिंगकडे बॉल गेला की दिसत नव्हता. तोवर ती कडेची मुलं उभी राहिली होती. "डिफेन्स, डिफेन्स" कोण ओरडतंय म्हणून वळून पाहिलं तर तीच. 41-39. आपण.

नंतर टपरीवर चहा घेताना पुन्हा तीच चर्चा, ट्रेनमधल्यासारखी. एक मुलगा म्हणाला, समोरच्या टीमच्या मेन प्लेअरला पाच फाउल झाले म्हणून जिंकल्या. आमच्या कॅप्टनने कप खाली ठेवला, "फाउल झाले की करायला लावले?" मुलगा गडबडला. मग त्याच मुलाने स्वतःहून विचारलं, "तुम्ही सात वाजता प्रॅक्टिस का करता? अंधारात?" पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्याला खरंच माहीत नव्हतं. वेळापत्रक कुणी लावलं, का लावलं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं, कारण त्याला पाच वाजताच मिळत होतं.

मंगळवार-गुरुवार मुली साडेपाचला, हे त्या टपरीवरच ठरलं. सरांनी मान्य केलं. हे झालं फुकटात. दिव्यांचं मात्र तसं नाही. चौदा मुलींच्या सह्यांचं पत्र दिलंय, त्यात तीन दिवे, एक जाळी आणि कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली मागितली आहे. सध्या मुली जिन्याखाली, एकीने ओढणी धरायची आणि दुसरीने बदलायचं, असं करतात. उत्तर आलंय, "पुढच्या बजेटमध्ये विचार करू."

हे सगळं आत्ता का लिहितेय तेही सांगते. पालिकेच्या निवडणुका तोंडावर आल्यात. 78 जागा, त्यातल्या निम्म्या महिलांना राखीव. म्हणजे 39 बायका सभागृहात बसणार. फलकांवर आत्तापासून वर्ल्ड कपच्या टीमचा फोटो आणि खाली इच्छुकांचे हात जोडलेले फोटो दिसायला लागलेत. विमानतळ झाला, त्याचेही फलक आहेत. छान आहे. पण संध्याकाळी सात वाजता पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, कळंबोलीतल्या मैदानांवर एक चक्कर मारा आणि मुली मोजा. मी तीन संध्याकाळी मोजल्या. चालायला आलेल्या बायका खूप. बॉल हातात असलेल्या मुली, तिन्ही दिवस मिळून, आमच्या पोरी सोडून, चार.

संक्रांतीची हळदीकुंकवं यंदा जोरात होणार, दोन आमंत्रणं आत्ताच आलीत. मी जाणार आहे. वाण घेईन, तिळगूळ घेईन, आणि त्या पत्राची एक झेरॉक्स देईन. तुमच्या भागात असं कोर्ट किंवा मैदान असेल, आणि त्याचा दिवा बंद असेल, तर खांबाचा नंबर कमेंटमध्ये लिहा, मी यादी करते. आणि मंगळवारी-गुरुवारी साडेपाचला कुणाला मोकळीक असेल तर या. खुर्च्या नाहीत, पायऱ्यांवर बसावं लागतं. दोन आयांच्या शेजारी जागा आहे. येताना कुणाकडे जुनी शिट्टी असेल तर आणा, सरांची बिघडलीय.